अडखळणारी नोंद

३ नोव्हेंबर

पोचलो. सामानातली एकच बरणी फुटली आणि तीही रिकामी निघाली, त्यामुळे सुरुवात झकास झाली म्हणायला हरकत नाही. आक्काने निघताना ही वही हातात कोंबली आणि रोज चार ओळी लिहीत जा, मनात साठवू नकोस, असं बजावलं. थोरली बहीण, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. मनात काही साठलेलं असतं तर आनंदाने लिहिलं असतं. गेल्या वर्षभरात तिथे फारसं काही येत-जात नाही. पण वही कोरी दिसली तर ती माझी सालटी काढेल.

घर रुग्णालयाच्या आवारातच आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे बसायला पायरी. समोर तीन मजल्यांची पिवळी इमारत. मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं चालती-फिरती होईपर्यंत तिथे राहतात. टिटवीने दोन्ही खोल्यांत ओरडून आवाज कुठे जास्त घुमतो ते पाहिलं आणि ती खोली आपली म्हणून जाहीर केली. टिटवी माझी मुलगी, नऊ वर्षांची. तान्ही असताना ती रडली की अख्खी गल्ली उठून बसायची, म्हणून तिच्या आईने हे नाव पाडलं आणि तेच चिकटलं. अजूनही डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिची टकळी चालू असते. आई गेल्यापासून घरात बोलणारी तीच. मी हूं-हूं करतो.

संध्याकाळी इथला वायरमन दिवे जोडून द्यायला आला. गरम पाण्याचा नळ थंडच्या बाजूला आणि थंडचा गरमच्या बाजूला आहे, तो दुरुस्त करू नका, आता सगळ्यांना सवय झाली आहे, असं त्याने गंभीरपणे सांगितलं. इमारतीतली प्रत्येक वायर त्याला नावाने ओळखते, असं त्याचं म्हणणं. टिटवी पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हा आवाज ऐकला.

५ नोव्हेंबर

नेटवर्कवर नजर ठेवतो म्हटलं की लोकांना वाटतं मी दिवसभर चोर पकडतो. वीस वर्षांत चोर फार थोडे भेटले. बाकी सगळा वेळ हाका मारण्यात गेला.

इथे आवारात राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा असतो. पेशंट असो, झाडलोट करणारा असो, नाहीतर खुद्द अधीक्षक बाई. पट्ट्याने दारं उघडतात आणि नाडीचे ठोके माझ्या खोलीतल्या पडद्यावर येतात. माणसागणिक एक नोंद, नोंदीगणिक एक रेघ. आम्हा दोघांनाही पट्टे मिळाले. टिटवी तो घड्याळासारखा मिरवते.

माझं यंत्र प्रत्येक पट्ट्याला आळीपाळीने हाक मारतं आणि पट्टा ओ देतो. ठोके आणि ओ यायला लागलेला वेळ, दोन्हींनी ती रेघ वरखाली होते, ते बघत राहायचं. चालत्या-बोलत्या नेटवर्कमध्ये ही वेळ कधी सारखी नसते. कुणी लिफ्टमध्ये असतं, कुणी जाड भिंतीआड, कुणी हातावर उशी घेऊन झोपलेलं. ओ कधी पटकन येते, कधी रेंगाळते, कधी दोनदा हाक मारावी लागते. ही वेडीवाकडी चाल मला आवडते. तिच्याकडे बघून कळतं की पलीकडे माणसं आहेत.

आधीच्या माणसाने धोक्याच्या जवळजवळ सगळ्या सूचना बंद करून ठेवल्या होत्या. कटकट नको म्हणून केलं असेल. मी सगळ्या चालू केल्या आणि दिवसभर पडद्याने माझे कान किटवले.

१० नोव्हेंबर

निम्म्याहून जास्त सूचना एकाच गोष्टीच्या निघाल्या. एकच माणूस दोनदा दिसतो. हे नेहमीचं आहे. पट्ट्याची बॅटरी बदलली की तो नव्याने जोडला जातो आणि जुनी नोंद तशीच लोंबकळत राहते. जुनी काढायची, नवी ठेवायची. डोकं दुसरीकडे असलं तरी माझा हात हे काम करतो.

आज ज्या काढल्या त्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींची एक होती. आजींचा पाय मोडलाय, तोंड ठणठणीत आहे. समोर येईल त्याला फैलावर घेतात आणि दमल्या की बेसूर गातात. टिटवीची शाळा पुढच्या महिन्यात सुरू होणार, तोवर ती माझ्याबरोबर येते आणि दुपारभर त्यांच्याकडे पडीक असते. दोघी एकमेकींना नवनवीन शिव्या शिकवतात. मी कानाडोळा करतो.

१२ नोव्हेंबर

आजी शांत झाल्या. नर्सबाईंच्या जिवात जीव आला. औषध मुकाट्याने घेतात, विचारलं तर बरं आहे म्हणतात. टिटवी मात्र तोंड फुगवून परत आली. आजी छान-छान बोलतात, अशी तिची तक्रार. मी म्हटलं, म्हातारी माणसं असतात लहरी. तिला ते पटलं नाही.

१५ नोव्हेंबर

दुहेरी नोंदी रोज नव्याने उगवतात. हाताने काढून कंटाळलो, म्हणून आज एक छोटा नियम लिहून यंत्राला दिला. एकाच माणसाच्या दोन नोंदी दिसल्या तर दोन्हींना हाक मारायची. जी वेळेवर, नीट ओ देईल ती ठेवायची. जी अडखळेल ती काढून टाकायची. आता मला बघायलाही नको. काम देखणं झालंय, आपणच आपलं म्हणू नये, पण झालंय.

अधीक्षक बाईंनी बोलावून शाबासकी दिली. तुम्ही आल्यापासून आवारात शांतता आहे, तक्रारी बंद झाल्या, असं म्हणाल्या. ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं असावं.

१९ नोव्हेंबर

पंखा घरघरत होता म्हणून वायरमनला बोलावलं. आला, शिडी लावली, दुरुस्त केला. एक अक्षर बोलला नाही. टिटवीने त्याच्यासाठी कोडं जपून ठेवलं होतं, ते घातलं. तो थोडा थांबला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. चहा दिला तो हातात धरून उभा राहिला. प्या म्हटल्यावर एका दमात प्यायला. चहा उकळता होता.

तो गेल्यावर टिटवी म्हणाली की हे ते काका नाहीत. मी म्हटलं, घरी काही झालं असेल, माणसाचा मूड असतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुझा पण असाच असतो.



२१ नोव्हेंबर

टिटवीने शोध लावलाय. वायरमनला काहीही विचारा, उत्तर द्यायच्या आधी तो सारखाच वेळ गप्प राहतो. नाव विचारा, पाढा विचारा, जेवलात का विचारा. आजींचंही तेच, आणि दोघांचा वेळ एकच. ती माझ्यासमोर बोटांवर मोजून दाखवत होती. मी हसण्यावारी नेलं आणि ती पायरीवर जाऊन बसल्यावर वायरमनच्या पट्ट्याला हाक मारली.

ओ आली. पुन्हा मारली. तेवढ्याच वेळाने आली. दहा वेळा, वीस वेळा, केसाचाही फरक नाही. आजींच्या पट्ट्याला मारली. तेच. मग सगळ्या आवाराच्या रेघा एकाखाली एक लावल्या. अर्ध्याहून अधिक आखून काढल्यासारख्या सरळ.

माझ्या धंद्यात हे मी पाहिलंय. खऱ्याच्या जागी कुणी त्याचं सोंग घेऊन बसलं की असं दिसतं. तो आधी नुसता ऐकतो. मग हुबेहूब नक्कल करतो. खरा चुकतो, रेंगाळतो, दमतो. सोंग घेणारा चुकत नाही, आणि बहुतेक वेळा त्यावरूनच सापडतो. शेवटी खऱ्याला बाजूला सारायचं तेवढं उरतं. ते तो स्वतः करत नाही. माझ्यासारख्याकडून करून घेतो.

मी नियम लिहून दिला होता. अडखळेल ती काढून टाकायची.

२२ नोव्हेंबर

सकाळी सगळ्यात आधी नियम बंद केला. मग आजींची जुनी नोंद परत घातली आणि हाक मारली. ओ नाही. वायरमनची घातली. नाही. जेवढ्या काढल्या तेवढ्या सगळ्या परत घातल्या आणि दुपारपर्यंत हाका मारत बसलो. कुणीही ओ दिली नाही. माझ्या हाताने गेली ही माणसं. वायरमन खिडकीबाहेरून शिडी घेऊन गेला आणि मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

अधीक्षक बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. पट्टे, सरळ रेघा, माझा नियम. आणि विनवलं की पेशंटना आजच्या आज दुसरीकडे हलवा. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग थांबल्या. टेबलाखाली माझी बोटं आपोआप मोजायला लागली. तेवढाच वेळ गेल्यावर बाई म्हणाल्या की सगळे शांत आहेत, कुणाचीही तक्रार नाही.

उठलो तशी पावलं भरभर पडायला लागली. भीतीच असणार. पण पायांना वाटते तेवढीच, वर येत नाही. छातीवर हात ठेवून पाहिला, तिथे काहीच हलत नव्हतं. टिटवीला घेऊन उद्या निघायचं.

२३ नोव्हेंबर

टिटवी दोनदा दिसते.

तिचा पट्टा काढून, हाक पोचू नये म्हणून, पत्र्याच्या डब्यात टाकला. तरी दोन्ही रेघा तशाच चालू आहेत.

तिचा हात धरून फाटकाबाहेर पडलो. ती बडबडत होती, आक्काआत्याकडे मांजर आहे, तिला पिल्लं झाली असतील. वळणापर्यंत पोचलो आणि ती वाक्याच्या मधेच थांबली. तोंड तसंच अर्धं उघडं. हलवलं, गालावर मारलं, उचलून घेतलं. अंग गरम होतं पण आत कुणी नव्हतं. तसाच पळत परत आलो. आवारात पाय टाकला तशी ती पुढे बोलायला लागली, त्याच शब्दापासून. पिल्लं झाली असतील आणि डोळे पण उघडले असतील. मधे काही झालं हे तिला माहीतच नाही.

इथून नेता येत नाही. ती अजून या तारांतच कुठेतरी आहे.

२४ नोव्हेंबर

आता आवारातही होतं. खाताना. वेणी घालताना. दोन्ही रेघा एकमेकींत मिसळून जातात आणि तेवढा वेळ टिटवी विझते. मग परत येते. प्रत्येक वेळी जरा उशिरा.

सगळं बंद पाडावं तर तिसऱ्या मजल्यावर यंत्रावर श्वास घेणारे पेशंट आहेत. आणि बंद पडलं त्या क्षणी ती अंगाबाहेर असली तर —

दोन्हींतली एक काढायला हवी. सरळ असेल ती. सोपं आहे. मी पडद्याशी बसलो आणि पाहिलं.

दोन्ही अडखळतात.

तारांत जे कुणी आहे ते शिकलंय. मी कशावरून ओळखतो हे त्याला कळलंय.

टिटवीला सगळं सांगून टाकलं. लपवून काय करू. ती म्हणाली, बाबा, चुकू नकोस हां.

२५ नोव्हेंबर

चूक करायची सोय नाही. एकदा काढली की ओ येत नाही.

एकच सुचलं. ते ऐकून-ऐकून शिकतं. जे या आवारात कधी झालंच नाही ते त्याला येत नसणार. तिला समोर बसवलं. तिची आई तिला जशी हाक मारायची तशी मारली. तोच सूर, शेवटी तसंच ओढून. वर्षभरात मी ती हाक तोंडातून काढली नव्हती. आई हा शब्दसुद्धा घरात काढला नव्हता.

तिने आधी कान झाकले. मग किंचाळली. माझ्या अंगावर धावून आली, बुक्क्या मारल्या, चावली, असं करू नकोस, तिच्यासारखं बोलू नकोस, ती गेली तेव्हा तू रडला पण नाहीस, असं म्हणत तिने भोकाड पसरलं. मी पडद्याकडे बघत होतो. एक रेघ पाण्यात दगड पडावा तशी उधळली. दुसरी आपली अदबीने अडखळत राहिली.

दुसरी काढली.

टिटवी रडतेय. अजून रडतेय. असा आवाज, की समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत माणसं येऊन उभी राहिली. सगळी एकदम. बघत राहिली. मला तिचा आवाज थांबवायचा नाही.

२६ नोव्हेंबर, सकाळ

टिटवी वळणापर्यंत जाऊन आली. विझली नाही. तिथून मला हाका मारत होती, वेडीवाकडी तोंडं करत होती. सामान बांधलं. एक वही तेवढी वर ठेवली.

निघण्याआधी पडदा बंद करायला गेलो. टिटवीनेच आधी पाहिलं.

मी दोनदा.

२६ नोव्हेंबर, दुपार

तिला म्हटलं तू जा. वळणापलीकडे बस मिळते, आक्काचा पत्ता तोंडपाठ आहे तुला. ती पायरीला चिकटून बसली. नाही म्हणते.

माझ्या दोन्ही रेघा सरळ आहेत. तिने बोट लावून लावून बघितल्या. अगदी सारख्या. माझं सोंग घ्यायला त्याला काही शिकावंच लागलं नसेल.

तिने मला मारलं. चिमटे काढले. गळ्यात पडून रडली. आईची हाक तिनेही मारून पाहिली, मला मारायची ती. दोन्ही रेघा सरळ. ती म्हणाली बाबा रड ना, प्लीज, थोडंसं रड. मी प्रयत्न केला. येत नाही.

मधेच मी कुठेतरी गेलो होतो म्हणे. ती सांगते बराच वेळ.

२६ नोव्हेंबर

तिने युक्ती काढली. ती पडद्याशी बसलीय, बोट बटणावर. मी इथे लिहायचं. आईबद्दल. लिहिताना जी रेघ हलेल तो मी.

तर लिहितो. ती चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायची. सांगितलं तर चिडायची. भाजी चिरताना रेडिओशी भांडायची. शेवटच्या आठवड्यात तिला माझा हात जड वाटायचा, म्हणून मी नुसतं बोट ठेवायचो तिच्या तळव्यावर. ती ते धरायची. मग धरेनाशी झाली. मी बोट तसंच ठेवलं होतं, नर्सबाईंनी येऊन सांगेपर्यंत.

सगळं आठवतं. सगळं खरं आहे. दुसऱ्या कुणाचं वाचतोय असं वाटतं.

टिटवी ओरडली. हलली म्हणते. एक रेघ हलली, उड्या मारतेय, बाबा रडतोयस तू, आत रडतोयस, सापडलास. हसतेय, रडतेय, नाक पुसतेय. दुसरी काढते म्हणाली.

पण मला तर काही वाटलं नाही. आत्तासुद्धा नाही. मग उड्या मारते ती माझी कशी — टिटवे थांब, ती नव्हे, सरळ आहे तो मी, सरळ आहे तो